लहान कॅबिनेटमधला संगणक उन्हाळ्यात तापतो : पंखे वाढवावेत की हवेची वाट बदलावी?

प्रश्न : वास्तुरेषा, सांगली

नमस्कार. मी सांगलीत विश्रामबाग भागात राहते आणि घरूनच वास्तुरचनेची कामे करते. आराखडा पक्का झाल्यावर घर आतून-बाहेरून कसे दिसेल याची चित्रे ग्राहकाला ब्लेंडर या त्रिमितीय चित्रांच्या सॉफ्टवेअरमध्ये करून द्यावी लागतात, आणि त्या कामासाठी दोन वर्षांपूर्वी मी एक आटोपशीर संगणक जुळवून घेतला. टेबलावर नकाशे पसरायला जागा राहावी म्हणून मोठे कॅबिनेट टाळले आणि साधारण १८ लिटर आकारमानाचे, मिनी-आयटीएक्स या लहान मापाच्या मदरबोर्डाचे कॅबिनेट निवडले. आत रायझन ७ ५७००एक्स प्रोसेसर, दोन पंख्यांचे आरटीएक्स ३०६० ग्राफिक्स कार्ड, पुढच्या बाजूला एसएफएक्स या लहान आकाराचा एसएमपीएस (वीजपुरवठ्याची पेटी), ३२ जीबी रॅम आणि दोन एनव्हीएमई ड्राइव्ह (फाइल साठवणाऱ्या वेगवान चिपपट्ट्या) आहेत. त्यांपैकी एक ड्राइव्ह बोर्डाच्या पाठीमागे बसतो. प्रोसेसरवर ४७ मिलिमीटर उंचीचा बुटका कूलर आहे आणि त्याचा पंखा बोर्डाच्या दिशेने वारा सोडतो. कॅबिनेटच्या ज्या बाजूने हे सारे दिसते त्या बाजूला काच आहे. जाळीचे पर्यायी पॅनेल खोक्यात मिळाले होते, ते अजून खोक्यातच आहे. मागे ९२ मिलिमीटरचा एक पंखा हवा बाहेर टाकतो. तळाला दोन पंख्यांची जागा आहे, पण ती रिकामी आहे.

जानेवारीत खोलीचे तापमान २५ अंश असताना पूर्ण भाराखाली प्रोसेसर ७८, ग्राफिक्स कार्ड ७१ आणि पुढचा एनव्हीएमई ड्राइव्ह ५८ अंशांवर स्थिरावत असे. आता एप्रिल आहे, आमची खोली थेट स्लॅबखाली आहे, वातानुकूलन नाही आणि दुपारी खोलीतच ३८ अंश होतात. प्रोसेसर ९० ला जाऊन अडतो आणि त्याचा वेग कमी होतो, कार्ड ८३ वर पोहोचते आणि तेही मंदावते, ड्राइव्ह ७१ दाखवतो. ज्या चित्राला जानेवारीत ४० मिनिटे लागत होती त्याच चित्राला आता ४७ लागतात, आणि पंख्यांचा आवाज असा असतो की ग्राहकाचा फोन घेण्यासाठी मला गॅलरीत जावे लागते.

ज्यांच्याकडून जुळणी करून घेतली त्यांनी कॅबिनेटच्या छताला १२० मिलिमीटरचे दोन पंखे हवा बाहेर फेकण्यासाठी बसवून दिले आणि यानंतर तक्रार राहणार नाही असे सांगितले. तक्रार राहिली. प्रोसेसरला काही फरक पडला नाही आणि कार्ड तर आधीपेक्षा दोन अंशांनी जास्तच तापू लागले, हे मला आजही उमगलेले नाही. काच काढून ठेवली की मात्र प्रोसेसर ८२ आणि कार्ड ७६ वर येते. काच काढून कायम काम करणे शक्य नाही, कारण घरात मांजर आहे आणि तिला उबेची आवड आहे.

आणखी पंखे घ्यावेत, पाण्याचा कूलर बसवावा, की हे कॅबिनेटच सोडून मोठे घ्यावे? शेवटचा पर्याय जागेमुळे मला नको आहे. अनुभवी मंडळींनी मार्गदर्शन करावे.

उत्तर : अजिंक्यतारा पायथा, सातारा

ताई, खरेदीचा विचार करण्याआधी तुम्हीच दिलेल्या आकड्यांतून खोलीचे तापमान वजा करून पाहा, कारण उत्तराचा अर्धा भाग त्यात आहे. जानेवारीत प्रोसेसर खोलीपेक्षा ५३ अंशांनी तापला होता, आता ५२ अंशांनी तापतो. कार्डाचा फरक तेव्हा ४६ होता, आता ४५ आहे. ड्राइव्हचा तेव्हाही ३३ आणि आताही ३३. यांतल्या पहिल्या दोन आकड्यांत थोडी फसवणूक आहे, कारण प्रोसेसर आणि कार्ड स्वतःहून वेग कमी करून मर्यादेपाशी थांबले आहेत. ५७००एक्सची कमाल मर्यादा ९० अंशांची आहे आणि या कार्डाचे नेहमीचे लक्ष्य ८३ अंशांचे असते. ते थांबले नसते तर फरक वाढलेला दिसला असता. ड्राइव्हला असे थांबावे लागलेले नाही, म्हणून त्याचा आकडा सर्वांत प्रामाणिक आहे, आणि तो सांगतो की तुमचे कॅबिनेट उन्हाळ्यात बिघडलेले नाही. ते जानेवारीतही इतकेच कोंडलेले होते, फक्त थंडीने ते झाकून ठेवले होते.

माझे संगणक दुरुस्तीचे काम आहे आणि मार्च सुरू झाला की अशी खोकी रोज येतात. बहुतेक वेळा माणूस सोबत नवा पंखा घेऊनच येतो. हवेने थंड होणारी कोणतीही वस्तू खोलीच्या तापमानाखाली जाऊ शकत नाही, तेव्हा खोली ३८ वर असताना जानेवारीचे आकडे परत मिळतील ही आशा सोडून द्यावी आणि खोलीपासूनचा फरक किती कमी करता येतो एवढेच मोजावे. यापुढे प्रत्येक नोंदीशेजारी खोलीचे तापमान लिहिलेच पाहिजे. साधा थर्मामीटर कॅबिनेटच्या मागे ठेवू नका, तिथे तुम्ही संगणकाचा उच्छ्वास मोजाल. तो ज्या बाजूने हवा आत जाते तिथे ठेवा.

काच काढल्यावर आठ आणि सात अंश उतरतात, ही सर्वांत मोलाची माहिती तुम्ही सहज शेवटी सांगून टाकली आहे. त्यावरून हीटसिंक (उष्णता पसरवणारी धातूची पाती), थर्मल पेस्ट (प्रोसेसर आणि कूलर यांच्यामधला उष्णता वाहणारा लेप) आणि कूलरचे बसवणे हे सारे ठीक असल्याचे कळते. पेस्ट वाळली असती तर काच काढून प्रोसेसरला इतका आराम मिळाला नसता, आणि कार्डाला तर तिचा संबंधच नाही. दोघे एकदम सुधारतात याचा अर्थ दोघेही एकच तापलेली हवा पुन्हा पुन्हा घेत आहेत. काचेच्या आड बोर्डाकडे फुंकणारा बुटका कूलर स्वतःच सोडलेली गरम हवा वरून परत ओढतो, आणि एसएमपीएसचा पंखाही त्याच काचेकडे तोंड करून बसला असेल तर तोही उपाशी आहे. खोक्यातले जाळीचे पॅनेल आज संध्याकाळी लावा. मांजराचाही प्रश्न सुटेल.

पाण्याच्या कूलरविषयी माझे मत प्रतिकूल आहे. ५७००एक्स हा ६५ वॉटच्या वर्गातला प्रोसेसर आहे आणि मूळ मांडणीत तो ७६ वॉटपर्यंत वीज घेतो. एवढ्या उष्णतेला पाण्याची गरज नसते. पाण्याचा रेडिएटरदेखील अखेर ती उष्णता खोलीच्याच हवेला देतो, आणि छताला बसवला तर त्याच्यातून जाणारी हवा आधी ग्राफिक्स कार्डाने तापवलेली असते. शिवाय नळ्यांमधून द्रव वर्षांगणिक किंचित उडत राहतो आणि पंपाला आयुष्य असते. अल्युमिनियमच्या हीटसिंकला बिघडण्यासारखे काही नसते.

उत्तर : हवेची नळी, कुपवाड

वरील उत्तराशी मी सहमत आहे. माझा व्यवसाय कारखान्यांतील ब्लोअर आणि हवेच्या नळांचा असल्यामुळे, छताच्या दोन पंख्यांनी काम का बिघडवले याचा खुलासा करण्याचा मोह आवरत नाही.

प्रथम आपण किती हवा हवी ते काढू. प्रोसेसरचे ७६ वॉट, आरटीएक्स ३०६० चे १७० वॉट आणि बोर्ड, रॅम, ड्राइव्ह व एसएमपीएसमधील गळती यांचे चाळीसेक वॉट धरले तर आपल्या कॅबिनेटमध्ये सुमारे २९० वॉट उष्णता निर्माण होते, म्हणजे काचेच्या लहान पेटीत शंभर वॉटचे तीन जुने पिवळे दिवे सतत जळत ठेवल्यासारखे झाले. सांगली समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरांच्या आसपास उंचीवर आहे, त्यामुळे ३८ अंशांना येथील एक घनमीटर हवा जेमतेम १.०७ किलोग्रॅम भरते. या आकड्यांवरून हिशेब केला तर कॅबिनेटमधून मिनिटाला ३० घनफूट हवा वाहत असताना बाहेर पडणारी हवा आत शिरणाऱ्या हवेपेक्षा सुमारे १९ अंशांनी गरम असते, आणि ६० घनफूट वाहू लागली की हाच फरक साडेनऊ अंशांवर येतो. त्याच्या पुढे हवा दुप्पट केली तरी पाचच अंशांचा लाभ होतो आणि आवाज मात्र असह्य होतो. म्हणून ध्येय ६० च्या आसपास ठेवावे, पण ती हवा गरम भागांना स्पर्श करूनच बाहेर गेली पाहिजे.

येथेच छताचे पंखे फसले. पंख्याला दिशा कळते, हेतू कळत नाही. तो सर्वांत कमी अडथळ्याच्या फटीतून हवा ओढतो. आपल्या कॅबिनेटचा तळ जवळपास बंद, बाजूला काच, आणि छताच्या कडेला व पाठीमागच्या, कार्ड बसवण्याच्या रिकाम्या खाचांना मात्र मोकळ्या फटी, तेव्हा छताच्या पंख्यांनी त्या वरच्याच फटींतून गार हवा घेऊन लगेच वर फेकून दिली. ती ना प्रोसेसरपाशी गेली, ना कार्डापाशी. शिवाय आतला दाब बाहेरच्यापेक्षा कमी झाल्यामुळे खाली तोंड असलेल्या कार्डाच्या पंख्यांना त्या ओढीविरुद्ध हवा मिळवावी लागली. दोन अंश वाढले ते यामुळे असावेत. गरम हवा आपोआप वर जाते म्हणून पंखा वरच हवा, हा युक्तिवाद मी नेहमी ऐकतो. तो धुराड्याला लागू पडतो. हातभर उंचीच्या पेटीत ती नैसर्गिक ओढ इतकी क्षीण असते की एक मंद पंखाही तिच्यावर मात करतो.

माझी सूचना अशी की छताचे दोन्ही पंखे काढून तळाला, हवा आत घेण्यासाठी बसवावेत आणि छत नुसत्या जाळीने मोकळे ठेवावे. कार्ड दोन खाचांच्या जाडीचे असेल तर २५ मिलिमीटर जाडीचे पंखे बसतात, त्याहून जाड असेल तर १५ मिलिमीटरचे पातळ पंखे शोधावे लागतील; स्केलने मोजूनच ठरवावे. मात्र त्याआधी कॅबिनेट उचलणे आवश्यक आहे. १२० मिलिमीटरच्या पंख्याचे मधला गोल वगळून क्षेत्रफळ सुमारे १०० चौरस सेंटीमीटर असते, म्हणजे दोन पंख्यांचे २००. आपल्या कॅबिनेटचा तळ ३७ गुणिले १८ सेंटीमीटरच्या जवळपास असणार, त्याची परिमिती ११० सेंटीमीटर. पाय १२ मिलिमीटरचे असतील तर चारही बाजूंनी मिळून हवेला १३२ चौरस सेंटीमीटरचीच वाट मिळते, आणि टेबलावर विणलेला रुमाल किंवा जाड कापड असेल तर तीही उरत नाही. तेच कॅबिनेट ३० मिलिमीटर उंच झाले की ३३० चौरस सेंटीमीटर मिळतात. मिक्सरचे रबरी पाय सुट्या भागांच्या कोणत्याही दुकानात मिळतात. ते एकावर एक चिकटवून उंची साधता येते आणि कंपनही शोषले जाते.

दुसरी गोष्ट कूलरची. कॅबिनेट बहुधा दीडशे मिलिमीटरपर्यंतचा कूलर घेऊ शकेल आणि आपला कूलर ४७ चा आहे, म्हणजे त्याचा पंखा आणि जाळी यांच्यामध्ये दहा सेंटीमीटरची पोकळी राहते. काच काढून जाळी लावली तरी तो पंखा त्या पोकळीतली मिसळलेली हवाच ओढत राहील. नॉक्टुआच्या एनएच-यू९एससारखा १२५ मिलिमीटर उंचीचा उभा कूलर घेणे हा सरळ उपाय आहे, कारण तो आडवी हवा घेऊन थेट मागच्या पंख्याच्या दिशेने सोडतो. खर्च नको असेल तर पंख्याच्या कडेपासून जाळीपर्यंत एक चौकोनी बोगदा करावा. शालेय हस्तकलेसाठी रंगीत ईव्हीए फोमचे ताव मिळतात, त्यांतला एक पुरतो. मी हा बोगदा माझ्या कार्यालयातील संगणकासाठी आधी पुठ्ठ्याचा केला होता, पण पावसाळ्यात तो दमटपणाने वाकला. बोगद्याचे तोंड जाळीला किंचित दाबून बसले पाहिजे, नाहीतर फटीतून पुन्हा आतलीच हवा शिरते.

वाट खरोखर बदलली की नाही हे पाहायचे असेल तर उदबत्ती पेटवून तिचा धूर फटींजवळून सावकाश फिरवावा; जिथे तो आत ओढला जाईल ते प्रवेशद्वार, जिथे दूर ढकलला जाईल ते निर्गमद्वार. हे अर्ध्या मिनिटात उरकावे, धुराचा चिकटपणा पंख्यांना चांगला नाही, आणि निखारा आत पडणार नाही याची काळजी घ्यावी.

उत्तर : ऊसमळा, कराड

वरच्या दोघांनी हवेच्या वाटेबद्दल इतके नेमके लिहिले आहे की मी त्यात भर घालत नाही, पण ताई, तळातून हवा आत घ्यायला सुरुवात केली की धुळीचा हिशेब बदलतो, हे आधीच सांगितलेले बरे.

आमच्याकडे ऊसतोडीच्या दिवसांत शेतात पाचट जाळले की त्याची काळी काजळी वाऱ्याबरोबर थेट घरात येते, आणि मी अभियांत्रिकीच्या पहिल्या वर्षाला असताना जाळी न लावता तळाचे पंखे चालवल्यामुळे मार्चअखेर माझ्या कार्डाच्या पात्यांवर नुसता बुरसा साचला होता. तुमच्याकडे हळदीच्या बाजारपेठेच्या बाजूला राहणारा माझा मित्र पिवळ्या धुळीची हीच कथा सांगतो. आत येणारी हवा बाहेर जाणाऱ्या हवेपेक्षा थोडी जास्त ठेवली तर आतला दाब किंचित वाढतो आणि फटींतून हवा बाहेर पडते, आत शिरत नाही. म्हणजे धूळ फक्त जाळी असलेल्या वाटेनेच येऊ शकते. तळाला दोन मोठे पंखे आणि मागे ९२ चा एक, ही रचना आपोआप तशीच होते. तळाची जाळी बारीक नायलॉनची असावी, पण डासांच्या जाळीसारखे दुहेरी थर लावू नयेत, त्याने धुळीबरोबर हवाही थांबते. मी ती जाळी उन्हाळ्यात दर रविवारी धुतो, पूर्ण वाळवून लावतो. ब्लोअर वापरताना पंख्याचे पाते बोटाने धरून ठेवावे, कारण वाऱ्याच्या झोताने ते मर्यादेपलीकडे गरगरले तर बेअरिंग खराब होऊ शकते.

खिडकीतल्या पाण्याच्या कूलरबद्दल एक गैरसमज दूर करावासा वाटतो. त्याच्या दमट हवेने संगणकात पाणी साचते असे आमच्या घरी मला कायम बजावले जाते. पाणी साचण्यासाठी भाग हवेपेक्षा गार असावा लागतो, आणि चालू संगणकाचा प्रत्येक भाग हवेपेक्षा गरमच असतो, म्हणून तसे होत नाही. भीती वेगळी आहे : झोतासोबत सूक्ष्म थेंब उडतात, आणि आपल्याकडच्या बोअरच्या पाण्यातील क्षार त्या थेंबांबरोबर बोर्डावर जाऊन बसतात. कूलर सरळ संगणकाकडे तोंड करून नसेल आणि समोरची खिडकी उघडी असेल, तर कोरड्या एप्रिलमध्ये खोली चार-पाच अंशांनी उतरवण्याचा तो सर्वांत स्वस्त मार्ग आहे, आणि खोली उतरली की कॅबिनेटमधला प्रत्येक आकडा तितकाच उतरतो. जूननंतर त्याचा उपयोग नाही.

आता ज्यासाठी मुळात लिहायला बसलो ते. उष्णता बाहेर काढण्याची सगळी चर्चा झाली, पण ती कमी निर्माण करण्याबद्दल कोणी बोलले नाही. चिपचा वीजखप वारंवारतेच्या पटीत आणि व्होल्टेजच्या वर्गाच्या पटीत वाढतो, आणि उत्पादक शेवटचे काही मेगाहर्ट्झ मिळवण्यासाठी व्होल्टेज बरेच चढवून ठेवतात. त्यामुळे वीज वीस टक्क्यांनी कमी केली तर वेग त्यापेक्षा पुष्कळच कमी प्रमाणात घटतो. कार्डाची वीजमर्यादा ८० टक्क्यांवर आणा, म्हणजे १७० ऐवजी १३६ वॉट. प्रोसेसरसाठी बायोसमध्ये (संगणक सुरू होताना उघडता येणाऱ्या मूळ मांडणीत) पीपीटी नावाची वीजमर्यादा असते, ती ७६ वरून ६५ वर आणा. आणि तिथल्याच कर्व्ह ऑप्टिमायझरमध्ये, म्हणजे प्रोसेसरचे व्होल्टेज कमी-जास्त करण्याच्या सोयीत, सर्व कोअरना उणे १५ देऊन पाहा. या शेवटच्या बदलाची मात्र नीट परीक्षा घ्या, कारण तो अस्थिर असेल तर भाराखाली सारे ठीक चालते आणि संगणक रिकामा बसलेला असताना अचानक बंद पडतो. ग्राहकाला फाइल द्यायच्या आदल्या रात्री हा प्रयोग नको.

आणखी एक. ब्लेंडरच्या सायकल्समध्ये, म्हणजे चित्र तयार करणाऱ्या भागात, कार्डाबरोबर प्रोसेसरलाही कामाला लावण्याची खूण तुम्ही केलेली दिसते. ती काढून एकदा वेळ मोजा. इतके कार्ड हाताशी असताना प्रोसेसरचा हातभार अनेकदा थोडासाच असतो, आणि त्या थोड्यासाठी तो ७६ वॉट उष्णता कार्डाच्या डोक्यावर ओतत असतो.

वास्तुरेषा, सांगली

सर्वांचे मनापासून आभार. मी गेले दहा दिवस टप्प्याटप्प्याने बदल केले आणि प्रत्येक वेळी तेच चित्र, दुपारी अडीच वाजता, खोली ३७ ते ३८ अंशांवर असताना तयार केले. पायऱ्यांची तुलना करता यावी म्हणून खालील सर्व आकडे खोली ३७ धरून लिहिले आहेत.

पहिल्या दिवशी काच काढून जाळी लावली, टेबलावरचा आईने विणलेला रुमाल काढला (कुपवाडच्या गृहस्थांनी तो न पाहताच ओळखला याचे आश्चर्य वाटते) आणि मिक्सरचे पाय लावून कॅबिनेट तीस मिलिमीटर उचलले. प्रोसेसर ८६, कार्ड ८०. एसएमपीएसचा पंखा खरोखरच काचेकडे तोंड करून होता. जाळी लागल्यापासून त्याची मध्येच होणारी घरघर बंद झाली आहे.

नंतर छताचे पंखे तळाला नेले. कार्ड दोन खाचांचेच असल्यामुळे २५ मिलिमीटरचे पंखे बसले, पण एका पंख्याची वायर कार्डाच्या पात्याला लागत होती आणि ती बांधून घेण्यात एक संध्याकाळ गेली. या बदलाने कार्ड एकदम ७३ वर आले आणि पुढचा ड्राइव्ह ६५ वर. प्रोसेसर मात्र एक अंशाने वाढून ८७ झाला. प्रथम मी निराश झाले, मग लक्षात आले की कार्डाने सोडलेली गरम हवा आता अधिक जोराने वर येते आणि बुटका कूलर तीच घेतो. उदबत्ती फिरवून पाहिली तेव्हा बाजूच्या जाळीपाशी धूर जवळजवळ स्थिर राहिला. म्हणजे तो कूलर बाहेरची हवा घेतच नव्हता.

तेव्हा फोमचा बोगदा केला. निळा ताव, चार तुकडे, कोपऱ्यांना कापडी चिकटपट्टी. पहिला बोगदा पाच मिलिमीटर आखूड झाला आणि त्याने काहीच फरक पडला नाही. दुसरा जाळीला दाबून बसेल असा केला आणि प्रोसेसर ८७ वरून थेट ८० वर आला. त्या पाच मिलिमीटरांची किंमत सात अंश आहे यावर मी स्वतः करून पाहिले नसते तर विश्वास ठेवला नसता. नकाशे काढताना मी इतकी काटेकोर असते, येथे नव्हते.

शेवटी वीजमर्यादा. कार्ड ८० टक्क्यांवर आणि प्रोसेसर ६५ वॉटवर ठेवल्यावर प्रोसेसर ७४ आणि कार्ड ६७ झाले, आणि चित्राला ४१ मिनिटे लागली. जानेवारीत ४० लागत होती. सायकल्समधून प्रोसेसर वगळून पाहिला तर ४३ मिनिटे लागतात, पण त्या वेळात मी दुसऱ्या खिडकीत आराखड्यावर विनाअडथळा काम करू शकते आणि फोन टेबलावरच घेते, म्हणून दिवसा तसेच ठेवले आहे. उणे १५ चा प्रयोग अजून केलेला नाही. कराडच्या दादांनी दिलेला इशारा आणि माझ्या हातातली कामे पाहता तो दिवाळीनंतर करीन. पाण्याचा कूलर आणि नवे कॅबिनेट दोन्ही रद्द. एकूण खर्च रबरी पाय, फोम आणि चिकटपट्टी एवढाच झाला.

एक शंका उरली आहे. बोर्डाच्या पाठीमागचा ड्राइव्ह या सगळ्यात जेमतेम तीन अंशांनी उतरला आणि मोठ्या फाइल लिहिताना अजूनही ७२ दाखवतो. तिथे हवा पोहोचण्यासारखी जागाच नाही. त्याला मर्यादा किती असते आणि काय करता येईल?

अजिंक्यतारा पायथा, सातारा

घरगुती वापराच्या बहुतेक एनव्हीएमई ड्राइव्हची जाहीर मर्यादा ७० अंश असते, तेव्हा दुर्लक्ष करू नका. पाठीमागे हवा नेण्याचा खटाटोप करण्यापेक्षा ड्राइव्ह आणि कॅबिनेटचा पत्रा यांच्यामध्ये थर्मल पॅड (उष्णता वाहून नेणारी मऊ पट्टी) बसवा, म्हणजे तो संपूर्ण पत्राच त्याचा हीटसिंक होईल. पॅडची जाडी अंदाजाने घेऊ नका. कमी पडला तर टेकणार नाही आणि जास्त झाला तर बोर्ड वाकेल. संगणक बंद करून, वायर काढून, कणकेची छोटी गोळी प्लॅस्टिकच्या पातळ कागदात गुंडाळून ड्राइव्हवर ठेवा, पत्रा जागेवर दाबून बसवा आणि काढून त्या चपटलेल्या गोळीची जाडी मोजा. निघेल त्याच्यापेक्षा अर्धा मिलिमीटर जाड आणि मऊ प्रकारचा पॅड घ्या. आणि वारंवार मोठ्या फाइल लिहिण्याचे काम मागच्या ड्राइव्हवरून पुढच्यावर न्या, त्याला आता हवा मिळते आहे.